वाचल्याचा शिक्का

"माझा ग्रंथ कुठाय?" तामोत्सु कुराहाशींनी पुढच्या दारातूनच ओरडून विचारले.

स्वयंपाकघरात वांग्यांना मीठ चोळत बसलेल्या किनुएबाईंनी मान वर केली नाही. "कुठला ग्रंथ?"

"कुठला म्हणजे? घरात ग्रंथ आहे एकच. अर्थशास्त्राचा!"

"तो होय? तो जोड्यांच्या कपाटावर होता."

"होता. आता तिथं तुझी छत्री आहे."

जोड्यांच्या कपाटावर ग्रंथ ठेवण्यामागे कुराहाशींचा मोठा विचार होता. घरात येणारा प्रत्येक माणूस दारात जोडे काढायला वाकतो, आणि वाकून सरळ होताना त्याचे डोळे नेमके त्या कपाटाच्या उंचीवर येतात. टपालवाला, मीटर बघणारा, विम्याची बाई अशा सर्वांना वर येताना आधी ग्रंथ दिसे आणि मग कुराहाशी. विम्याच्या बाईने तर एकदा ग्रंथालाच नमस्कार केला होता, असे कुराहाशी सांगत.

पाणीखात्यातून निवृत्त झाल्यावर पहिले वर्ष त्यांनी झोपून काढले. दुसऱ्या वर्षी वर्तमानपत्रात कोणीतरी लिहिले की, सामान्य माणूस अर्थशास्त्राचे जुने थोर ग्रंथ वाचत नाही म्हणून देशाची ही अवस्था आहे. देशाची अवस्था आपल्यामुळे झाली आहे हे कुराहाशींना तोपर्यंत माहीत नव्हते. ते त्याच दिवशी आगगाडीने तोयामाला गेले आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून कुणा परदेशी पंडिताचा एक ग्रंथ घेऊन आले. ग्रंथ एवढा जाड होता की येताना त्यांचा एक खांदा खाली आला, तो पुढे आठवडाभर वर गेला नाही.

घरी येऊन त्यांनी तो वाचायला घेतला आणि एकोणीस पाने वाचली. विसाव्या पानावर त्यांना जी झोप लागली, ती निवृत्तीच्या पहिल्या वर्षातल्या सगळ्या झोपांपेक्षा गाढ होती. जागे झाल्यावर त्यांनी बांधणीतली रेशमी फीत एकोणिसाव्या पानावर ठेवली, ग्रंथ मिटला आणि बोलायला सुरुवात केली.

"सामान्य माणसानं वाचलाच पाहिजे," ते कचरा टाकायला गेले की सांगत. "मी संपवला. आता दुसरं वाचन चाललंय. पहिल्या वाचनात नुसती ओळख होते."

परिणाम असा झाला की, ज्येष्ठांच्या सन्मानदिनानिमित्त गल्लीच्या सभागृहात रविवारी त्यांचे व्याख्यान ठरले. विषय होता, 'सामान्य माणसाने अर्थशास्त्राचे जुने ग्रंथ का वाचावेत?' निदान प्रस्तावना तरी पाठ करावी म्हणून ते शुक्रवारी सकाळी ग्रंथ घ्यायला गेले, तर तिथे छत्री.

किनुएबाई वांगी चोळता चोळता थांबल्या. "अहो, मंगळवारी फिरती पाटी आली होती ना..."

"मग?"

"ती तुम्ही कपाटावर ग्रंथावरच ठेवलीत. मला दुकानात कामाला उशीर होत होता. कपाटावर होतं ते सगळं उचललं, पिशवीत घातलं, शिक्का मारला आणि इसुरुगीसानच्या फाटकाला अडकवून गेले."

"ग्रंथासकट?"

"मला वाटलं, पाटीबरोबर आलाय. गेल्या महिन्यात नाही का ती भूकंपाची पुस्तिका आली?"

"ती आठ पानांची होती, किनुए!"

"मी काय पानं मोजत बसू? आणि ग्रंथ मंगळवारी गेला. आज शुक्रवार. दुसरं वाचन चाललं होतं ना तुमचं?"

कुराहाशी छत्री उचलून तिच्याखाली पाहू लागले.

फिरती पाटी म्हणजे गल्लीची सूचनापाटी. ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते. गटारसफाईची तारीख, हरवलेले मांजर, कचऱ्याचे नवे नियम असे काहीबाही तिच्यावर लावलेले असते. आपल्याकडे आली की वाचायची, आपल्या घराच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी पोचवायची. शिक्का याचा अर्थ 'वाचले'. कोणी काही विचारत नाही, कारण विचारले तर आपल्याला समजले नाही असे दिसते. मागे एकदा डोंगरातून अस्वल खाली उतरल्याची सूचना पाटीवरून फिरली होती. सगळ्या घरांनी मुकाट्याने शिक्के मारले, आणि दुसऱ्या दिवशी तेच अस्वल मंदिराच्या पायऱ्यांवर बसलेले पाहून सगळी गल्ली थक्क झाली.

अशा पाटीबरोबर आपला ग्रंथ गेला आहे, हे लक्षात येताच कुराहाशींच्या तोंडचे पाणी पळाले. ग्रंथ गेला याचे दुःख नव्हते. पण फीत! जो उघडेल त्याला फीत एकोणिसाव्या पानावर दिसणार, आणि पुढची पाने कडक इस्त्रीच्या सदऱ्यासारखी एकमेकांना चिकटलेली असणार. आणि या गल्लीत एकदा चिकटलेले नाव माणूस मेल्याशिवाय सुटत नसे. वीस वर्षांपूर्वी एकाने आपण तातेयामा पर्वत चढून आलो असे सांगितले होते, आणि नंतर तो बसने वर गेला होता हे उघडकीला आले. तेव्हापासून त्याला 'बस' म्हणत. त्याच्या बायकोला 'बसबाई' म्हणत. त्याची मुलगी लग्न करून दूर सेंदाईला गेली ती म्हणे याच कारणाने.

"मला 'एकोणीस' म्हणतील," कुराहाशी पुटपुटले.

"म्हणजे मी एकोणीसबाई," किनुएबाई म्हणाल्या. "तुम्हीच जा आणि आणा तो परत. माझी वांगी व्हायचीयत."

कुराहाशींनी पिशवीभर नाशपाती घेतल्या आणि शेजारचे दार वाजवले. इसुरुगीबाई कुत्र्याला काखेत घेऊनच बाहेर आल्या.

"या आमच्या मेव्हण्याच्या बागेतल्या. जरा पाणचटच आहेत, पण..."

"अगंबाई, कशाला हो उगाच! बरं झालं पण आलात. अहो, तो ग्रंथ मिळाला हं पाटीबरोबर."

"मिळाला?"

"मंडळानं छान केलं. रविवारी तुमचं व्याख्यान, म्हणून आधी सगळ्यांनी ग्रंथच वाचून यायचा! पूर्वी असलं काही सुचत नव्हतं कुणाला."

आता 'तो माझाच आहे, चुकून गेला' असे म्हणायची सोय उरली नाही. कुराहाशींनी मान डोलावली. "वाचलात?"

"वाचलात म्हणजे? शिक्का मारलाय मी."

"पूर्ण?"

"आता अर्धा शिक्का कसा मारायचा, कुराहाशीसान?"

"तसं नव्हे... कसा वाटला?"

इसुरुगीबाईंनी मदतीसाठी कुत्र्याकडे पाहिले. कुत्रा जांभई देत होता. "शेवट जरा मनाला लागला हो," त्या म्हणाल्या.

"लागतोच," कुराहाशी म्हणाले. "कुठे आहे तो आता?"

"छे! अर्ध्या तासात पुढं दिला. एवढा जाड ग्रंथ रात्रभर घरात ठेवला असता, तर लोक म्हणाले असते, बाई वाचायला सावकाश दिसतात."

पुढचे घर नुकागा न्हाव्याचे. दुकानात एक गिऱ्हाईक गरम टॉवेलखाली आडवे पडले होते आणि नुकागा वस्तऱ्याला धार लावत होता.

"या सेन्सेई, या! आता तुम्हाला सेन्सेई, गुरुजीच म्हणायचं. काय ग्रंथ आहे हो!"

"आहे ना?"

"उंची काय अचूक! लहान पोरं खुर्चीत बसवायला मला फळी ठेवावी लागते. मंगळवारी तीन पोरं बसवली त्याच्यावर. एक हललं नाही."

"पण वाचलात का?"

"मोठ्यानं वाचला, दुकानात. पहिल्या पानाला गिऱ्हाईक झोपलं. सेन्सेई, असली निवांत दाढी मी जन्मात केली नव्हती. जिवंत आहे की नाही म्हणून दोनदा आरसा धरला नाकापुढं."

"म्हणजे तुम्ही स्वतः..."

नुकागाने वस्तरा खाली ठेवला आणि आवाज उतरवला. "खरं सांगू? मी फोनला विचारलं. म्हटलं, बाबा रे, सामान्य माणसानं हे वाचायची गरज आहे का? तर फोन म्हणाला, एका अर्थी आहे आणि एका अर्थी नाही. मग मी 'आहे'साठी शिक्का मारला आणि 'नाही'साठी पुढं पाठवून दिला."

टॉवेलखालून दबलेला आवाज आला, "मी पण वाचलाय तो."

"तुम्ही बोलू नका, टॉवेल सरकतोय," नुकागा म्हणाला.

यानंतरच्या घरांची हकिकत सांगत बसायला नको. एका घरात ग्रंथाने कोबीचे लोणचे दाबले गेले होते. दुसऱ्या घरात आजोबांना उशाला दिला होता, आणि आजोबांची मान बरी झाली असे ते घर शपथेवर सांगत होते. नाशपाती संपत आल्या. सर्वांनी शिक्के मारले होते, सर्वांना ग्रंथ आवडला होता आणि कोणीही तो तासाभरापेक्षा जास्त घरात ठेवला नव्हता. एरवी पाटीला गल्ली फिरायला पंधरवडा लागे. कारण तिला कोणी भीत नसे, ती कपाटावर पडून राही. पण जी वस्तू कोणालाच आपल्या घरात नको असते, ती इतक्या वेगाने हातोहात फिरते की तिला धरायला जावे तर नुसता वाराच लागतो. अर्थशास्त्रात याला काहीतरी नाव असणार. बहुधा ते विसाव्या पानानंतर येत असावे.

शेवटून दुसरे घर कुझे सेन्सेईंचे. हे निवृत्त मुख्याध्यापक. गल्लीत कोणी काही वाचल्याचे सांगितले की, ते आपण आधीच वाचल्याचे सांगण्याचे काम त्यांच्याकडे होते. ते शिडीवर चढून पाइनच्या झाडाची एकेक सुई कातरत होते. कुराहाशींना पाहून ते खाली उतरले नाहीत.

"ग्रंथ पाहिला मी," ते वरूनच म्हणाले. "उघडायची गरज नव्हती. विद्यार्थी असताना वाचलाय. मूळ भाषेत."

"वा!"

"तुमचं त्या अवघड प्रकरणाबद्दल काय मत आहे?"

"कुठल्या अवघड?"

"सगळ्यांना अवघड जातं ते."

"हां, ते! ते अवघडच आहे, सेन्सेई."

"मला नाही गेलं अवघड."

"दुसऱ्या वाचनात मलाही नाही गेलं."

"पहिल्यात मात्र..."

"पहिल्यात गेलं."

"साहजिक आहे. तुम्ही कुठल्या बाजूचे मग?"

"मी?" कुराहाशींनी शिडीच्या पायाकडे पाहिले. "मी... मधला."

"मीही मधलाच," कुझे सेन्सेई घाईघाईने म्हणाले आणि त्या भरात त्यांनी एक अख्खी फांदी कातरून टाकली. ती फांदी घडवायला त्यांना अकरा वर्षे लागली होती. दोघेही तिच्याकडे पाहत राहिले.

"एक मात्र आहे," सेन्सेई सावरून म्हणाले. "फीत एकोणिसाव्या पानावर होती."

"तुम्ही तर उघडला नव्हता..."

"फीत बाहेरून दिसते."

पानाचा आकडा बाहेरून कसा दिसतो हे विचारायचे कुराहाशींना त्या क्षणी सुचले नाही. ते म्हणाले, "एकोणीस फार महत्त्वाचं पान आहे."

"म्हणून तर मी ती तिथंच राहू दिली," सेन्सेई म्हणाले. "ग्रंथ आता अध्यक्षांकडे आहे. मंगळवारी संध्याकाळीच गेला."

गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष किताज़ुमे. जमिनीवर अंथरायच्या तातामी चटया विणण्याचे दुकान मुलाकडे सोपवून मोकळे झालेले, अतिशय साधे गृहस्थ. शेवटची नाशपाती घेऊन कुराहाशी तिथे गेले, तर सुनेने दार अर्धेच उघडले.

"मामंजी कुणाला भेटत नाहीत हो. मंगळवारपासून माडीवर बसून वाचतायत. जेवण जिन्यात ठेवते मी. ताट तेवढं रिकामं खाली येतं."

"वाचतायत? म्हणजे... वाचतायत?"

"पानं उलटल्याचा आवाज येतो ना. परवा एकदा हसले सुद्धा."

अर्थशास्त्राच्या ग्रंथाला हसणारा माणूस म्हणजे प्रकृतीचेच काहीतरी असणार, असे कुराहाशींना वाटले. नाशपाती सुनेच्या हातात ठेवून ते रिकाम्या हाताने परतले.

शनिवारभर ते कोऱ्या कागदापुढे बसून होते. किनुएबाई चहा ठेवून म्हणाल्या, "सांगून टाका ना सरळ. नाही झाला वाचून. कुणी फाशी देत नाही."

"आणि नंतर? बत्तीस वर्षं पाणीखात्यात काढली मी. एकदा नळाला गढूळ पाणी आलं, तेव्हासुद्धा लोक माझ्यासमोर वाकून बोलले. आता कचऱ्याच्या ढिगापाशी 'एकोणीस आला, एकोणीस आला' ऐकत उभा राहू?"

रविवारी सभागृह काठोकाठ भरले. म्हणजे मागून भरले. जो आधी आला त्याने शेवटची ओळ धरली, आणि उशिरा आलेल्या बिचाऱ्यांना पुढे बसावे लागले. किताज़ुमेसान रुमालात बांधलेला ग्रंथ घेऊन आले. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि सदऱ्याची बटणे एकेक घर चुकली होती.

"मंडळी," ते म्हणाले, "पन्नास वर्षांत पाटी एका दिवसात फिरल्याचं मी पाहिलं नाही. सगळ्या घरांचे शिक्के! मी ते शिक्के पाहिले आणि मला भरून आलं. म्हटलं, ही आपली गल्ली! आता कुराहाशीसान बोलतील आणि मग आपण सगळे ग्रंथावर मनसोक्त चर्चा करू."

'चर्चा' या शब्दाबरोबर सभागृहातली हवाच कोणी काढून घेतल्यासारखे झाले. कुराहाशी उठले. त्यांनी समोर पाहिले, तर सगळ्या माना खाली. इसुरुगीबाई हातपिशवीतले रुमाल मोजत होत्या. नुकागा स्वतःच्या नखांकडे असे पाहत होता, जणू ती आत्ताच उगवली आहेत. कुझे सेन्सेईंनी डोळे मिटून घेतले होते. असे चेहरे कुराहाशींनी पाणीखात्यात अनेकदा पाहिले होते. साहेब 'नवा नियम कोणी वाचलाय?' असे विचारी तेव्हा. त्यांना एकदम जोर आला.

"मंडळी," ते म्हणाले, "आपण सर्वांनीच ग्रंथ वाचलाय. शिक्के आहेत. मग जे आपल्याला माहीत आहे, तेच मी पुन्हा सांगून आपला वेळ का घ्यावा? धन्यवाद."

एवढे बोलून ते खाली बसले. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की, छताजवळच्या कर्ण्यातून आपोआप भूकंपाच्या इशाऱ्याची चाचणी सुरू झाली. लोकांचे जीव भांड्यात पडले. कुझे सेन्सेईंनी डोळे उघडले. काही माणसे तर जोड्यांकडे सरकूही लागली.

"थांबा, थांबा!" किताज़ुमेसान आनंदाने लाल झाले होते. "चर्चेची गरजच उरली नाही म्हणता? मग मी आता गोड बातमी देतो. याच पंडिताचे आणखी सात ग्रंथ आहेत. हा तर त्यातला सगळ्यात बारीक! मी मंडळातर्फे सातही मागवलेत. दर महिन्याला एक, पाटीबरोबर फिरेल. आणि दर महिन्याला कुराहाशीसानांचं व्याख्यान!"

जोड्यांकडे सरकणारी माणसे जागच्या जागी खाली बसली. सात महिने सात विटा घराघरातून फिरणार, आणि कोणाला 'नको' म्हणता येणार नाही, कारण प्रत्येकाचा शिक्का मंडळाकडे होता. हळूहळू एकेक मान वळली. सगळी गल्ली कुराहाशींकडे पाहू लागली. आगीच्या बंबाकडे पाहावे तशी.

कुराहाशींनी मनाशी हिशेब मांडला. एकीकडे 'एकोणीस'. दुसरीकडे सात व्याख्याने. आज टाळी मिळाली ती युक्ती आठव्या खेपेला चालणार नाही. शिवाय मागच्या ओळीत किनुए बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर 'मी सांगत होते' असे स्पष्ट लिहिलेले होते. ते उठले.

"अध्यक्ष," ते म्हणाले, "मला क्षमा करा. मी हा ग्रंथ वाचलेला नाही."

किताज़ुमेसानांनी ग्रंथाचा रुमाल सोडता सोडता हात थांबवला.

"एकोणीस पानं वाचली. पुढं झोप लागली. दुसरं वाचन वगैरे काही नाही. मला यातलं काडीचंही कळत नाही. मी खोटं बोललो." आणि ते कमरेतून एवढे वाकले की कपाळ टेबलाला लागले.

त्या अवस्थेतच ते 'एकोणीस' हे नाव कानावर पडायची वाट पाहत राहिले. पण कानावर पडला तो पुढच्या ओळीतला एक दीर्घ सुस्कारा. "वा!" कोणीतरी म्हणाले.

कुझे सेन्सेई उठून उभे राहिले. "ऐकलंत? याला म्हणतात विद्या! वरवर वाचणारा म्हणतो, मला सगळं कळलं. ज्यानं खोल बुडी मारली तोच म्हणतो, मला काडीचंही कळत नाही. कुराहाशीसान, मी तुम्हाला ओळखलं नव्हतं."

"अहो पण सेन्सेई, मी खरंच..."

"पुरे! आणखी नम्र होऊ नका, आम्हाला लाजवू नका." सेन्सेईंनी छातीवर हात ठेवला. "तुमच्यापुढं मी तरी कशाला लपवू? मीही तो वाचलेला नाही. मूळ भाषा तर मला येतच नाही!"

लोक गहिवरले. एवढा मोठा माणूस, आणि स्वतःला एवढा लहान म्हणवून घेतो! मग कोणाला राहवणार? नुकागा ताडकन उठला. "मी तर त्याच्यावर पोरं बसवली!"

"काय हा विनय!" इसुरुगीबाई रुमाल डोळ्यांना लावत म्हणाल्या. "मग मीही सांगते. शेवट काय आहे, मला ठाऊकसुद्धा नाही हो! कव्हर तेवढं पुसलं मी."

"आम्ही कोबी दाबला!"

"आमच्या बाबांनी उशाला घेतला!"

एकेक जण उठत होता, खरे बोलत होता आणि लोक त्याला वाकून दाद देत होते. त्या सभागृहात इतके खरे एका वेळी कधीच बोलले गेले नव्हते. ते खरे आहे असे मात्र कोणालाच वाटत नव्हते. प्रत्येकाची खात्री होती की, ग्रंथ न वाचलेला असा आपण एकटाच, आणि बाकीचे थोर मनाने आपल्याला सांभाळून घेत आहेत. बायकांनी डोळे पुसले. 'बस'सुद्धा उठून म्हणाला की, तो तातेयामाला चालत गेला नव्हता, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा लोकांना वाटले की, हा नक्की चालतच गेला असणार.

किताज़ुमेसान गोंधळून इकडेतिकडे पाहत होते. सगळे बोलून झाल्यावर ते भाबडेपणाने म्हणाले, "मी मात्र वाचला. सगळा. फार चांगला आहे हो."

कोणीतरी खाकरले. लोक एकमेकांकडे न पाहता, पण एकमेकांना दिसतील अशी तोंडे करून बसले.

"स्वतःच्या तोंडानं!" इसुरुगीबाई शेजारणीच्या कानात म्हणाल्या.

"अध्यक्षपद डोक्यात जातं एकेकाच्या," नुकागा पुटपुटला.

मग सभेने थोडक्यात काम उरकले. असे ग्रंथ कोणाच्याही हातात पडणे बरे नव्हे. त्यांना योग्य, विनयशील माणूस हवा. तेव्हा ते पाटीबरोबर न फिरता सातही थेट कुराहाशीसानांच्या घरी जावेत, आणि त्यांनी ते आपल्या सवडीने वाचून शक्यतो मनात ठेवावेत. ठराव एकमताने मंजूर झाला. पुढच्या वर्षी अध्यक्ष कोणी व्हावे, याचीही बोलणी जोडे घालता घालता झाली, आणि ग्रंथ काखेत धरून जोडे घालत असलेल्या किताज़ुमेसानांना ती ऐकू गेली.

"मी खरं सांगितलं, किनुए," घरी जाताना कुराहाशी म्हणाले. "शब्दन् शब्द खरं. कुणाला पटलं नाही."

"मला पटलं ना," किनुएबाई म्हणाल्या. "चला, सात ग्रंथ ठेवायला जागा करायचीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी किताज़ुमेसान मागच्या दाराने आले. सदऱ्याची बटणे अजून तशीच होती. ते बसले, चहा घेतला, आणि पेल्यात बघत राहिले.

"कुराहाशीसान, मी खोटं नाही बोललो हो. मी खरंच वाचला."

"माझा विश्वास आहे," कुराहाशी म्हणाले, आणि तो होताही.

"म्हणून तर आलो. चाळीस वर्षं तातामी विणल्या, कधी कुणाशी असल्या गोष्टी बोलायला मिळाल्या नाहीत. शिक्के पाहिले आणि वाटलं, आता गल्लीभर माणसं मिळतील बोलायला. तर काल ते सगळं असं झालं. आता तुम्हीच एक आहात. नुसतं उत्तरार्धाबद्दल बोलू. थोडंच."

"पण किताज़ुमेसान, मी एकोणीस पानांच्या पुढं..."

"माझ्याजवळ तरी विनय नको हो!" त्यांच्या डोळ्यांत खरेच पाणी आले.

कुराहाशींनी वाद सोडून दिला. "बोला," ते म्हणाले.

किताज़ुमेसान दुपारच्या जेवणापर्यंत बोलले. हातवारे केले, दोनदा हसले, एकदा उठून उभे राहिले. कुराहाशी योग्य जागी "अच्छा?" म्हणत होते आणि चहा ओतत होते. किनुएबाईंनी मिठातली वांगी कापून आणून ठेवली. शेवटी किताज़ुमेसान दमून, तृप्त होऊन थांबले आणि म्हणाले, "आता तुम्ही सांगा. तुमच्या व्याख्यानाचा विषय राहिलाच. सामान्य माणसानं असले ग्रंथ वाचावेत का?"

कुराहाशींनी चहाची किटली खाली ठेवली. या विषयावर आयुष्यात प्रथमच त्यांच्याजवळ स्वतःचे असे मत तयार झाले होते.

"वाचावेत," ते म्हणाले. "पण वाचले असं कुणाला सांगू नये."

"आणि ज्यांनी वाचले नाहीत त्यांनी?"

"त्यांनी खुशाल सांगावं. कुणाला खरं वाटत नाही."

किताज़ुमेसान दचकले. तोंडाकडे नेलेली वांग्याची फोड तशीच हवेत राहिली. हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी पडली, आणि एवढा रात्रंदिवस वाचलेला ग्रंथ त्यांनी मनातल्या मनात पहिल्यापासून उलटायला घेतला असावा, असे दिसले.

"हे कुठल्या प्रकरणात आहे हो?" ते कासावीस होऊन म्हणाले. "माझ्या वाचण्यातून हे सुटलं कसं?"

आणि फोड परत ताटलीत ठेवून, जोडे नीट न घालताच, ते ग्रंथ पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घरी धावले.